७ सप्टेंबर १९४० : लंडनकडे वळलेली बॉम्बफेक ब्रिटनच्या पथ्यावर पडली का?

धागाकर्ता : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनवरील हवाई लढाई जर्मनीने हातची घालवली ती ७ सप्टेंबर १९४० रोजी, असे माझे मत आहे. २४ ऑगस्टच्या रात्री जर्मन विमानांचे काही बॉम्ब लंडनवर पडले, दुसऱ्याच रात्री ब्रिटिशांनी बर्लिनवर विमाने धाडली, ४ सप्टेंबरला हिटलरने ब्रिटिश शहरे उद्ध्वस्त करण्याची जाहीर धमकी दिली आणि तीन दिवसांनी लुफ्तवाफेचा, म्हणजे जर्मन हवाई दलाचा, सगळा रोख विमानतळांवरून लंडनवर गेला. त्याआधीचा पंधरवडा पाहा. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात फायटर कमांडचे (ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे) १०३ वैमानिक ठार आणि १२८ गंभीर जखमी झाले, आणि सुमारे हजार वैमानिकांच्या दलाला ही घट परवडणारी नव्हती. आग्नेय इंग्लंडचा बचाव सांभाळणाऱ्या ११ क्रमांकाच्या गटाचे प्रमुख कीथ पार्क यांनीच नंतरच्या अहवालात नोंदवले आहे की, सातपैकी सहा सेक्टर-तळांचे (आपल्या भागातील लढाऊ विमानांचे नियंत्रण करणाऱ्या मुख्य विमानतळांचे) मोठे नुकसान झाले होते. सूडाच्या भरात जर्मनांनी मानेवरचा हात स्वतःहून काढला.

प्रतिसाद १ (रानपाखरू) : सविनय असहमत. नुकसान झाले हे खरे, पण नुकसान होणे वेगळे आणि तळ निकामी होणे वेगळे. त्या वेळचे बरेचसे लढाऊ विमानतळ म्हणजे गवताची मैदाने होती. खड्डे बुजवले की हरिकेन ही लढाऊ विमाने पुन्हा उडत. बिगिन हिल या सेक्टर-तळाचेच पाहा. ३० आणि ३१ ऑगस्टला तिथे लागोपाठ हल्ले झाले, माणसे मेली, नियंत्रणकक्ष उडाला. तेव्हा तो कारभार गावातल्या एका दुकानात हलवून चालू ठेवण्यात आला.

खरी ताकद या कक्षांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेत होती. किनाऱ्यावरील रडार आणि निरीक्षक दलाच्या खबरा एकत्र येत, नकाशाच्या टेबलावर तरुण महिला कर्मचारी लांब काठ्यांनी शत्रूच्या तुकड्यांच्या सोंगट्या सरकवत, आणि भिंतीवरील घड्याळातील पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांशी सोंगट्यांचा रंग जुळवून कोणती खबर शिळी झाली ते एका नजरेत कळे. फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी लढाईपूर्वीच उभी केलेली ही यंत्रणा जर्मनांना नीट उमगलीच नाही. १२ ऑगस्टला व्हेंटनरचे रडार बंद पाडल्यावरही, अशा हल्ल्यांतून काही साधत नाही असे ठरवून लुफ्तवाफेचा प्रमुख गोअरिंगने तीन दिवसांत त्यांचा नाद सोडला. चूक शोधायचीच असेल तर ती इथे शोधावी.

विमानांचेही तसेच. ब्रिटिश कारखाने महिन्याला साडेचारशेहून अधिक लढाऊ विमाने देत होते. जर्मनीत मेसरश्मिट १०९ या मुख्य लढाऊ विमानाचे उत्पादन त्याच्या निम्म्याच्या आसपास होते.

प्रतिसाद २ (गोदाकाठ) : विमाने कारखान्यातून येतात, कसलेले वैमानिक येत नाहीत. ८ सप्टेंबरला डाउडिंग यांनी स्क्वॉड्रनचे (विमान-तुकड्यांचे) तीन वर्ग पाडले आणि तिसऱ्या वर्गातले अनुभवी वैमानिक काढून दक्षिणेकडे पाठवण्याची सोय केली. घरात धान्य मुबलक असते तर बियाण्याला कोणी हात लावला असता का? ऑगस्टअखेर लंडनच्या दक्षिणेकडील केनलीच्या तळावर आलेल्या २५३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनलाही लगेच मोठा फटका बसला. (निजामाच्या देणगीमुळे तिच्या नावाला हैदराबाद संस्थान जोडले गेले होते, मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात असल्याने आपल्याकडच्या रयतेचा साराही त्यात अप्रत्यक्षपणे गेला, हे जाता जाता.) धागाकर्त्यांशी मी सहमत आहे.

प्रतिसाद ३ (खलबत) : आपण सारे आभाळाकडेच पाहत आहात. हवाई वर्चस्व हवे होते ते ब्रिटनवर समुद्रमार्गे स्वारी करण्यासाठी. नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन आरमाराच्या दहा विनाशिका एकट्या नार्विकला नष्ट झाल्या होत्या. नदीतल्या मालवाहू तराफ्यांवर सैन्य चढवून ब्रिटिश आरमारासमोरून इंग्लिश खाडी ओलांडणे हे हवाई वर्चस्व मिळूनही आत्मघातकीच ठरले असते.

प्रतिसाद ४ (रानपाखरू) : खलबत, आपला मुद्दा स्वारीपुरता मान्य; पण इथे प्रश्न हवाई लढाईचा आहे.

गोदाकाठ, वैमानिकांची चणचण होतीच, मात्र ती एकतर्फी नव्हती. छत्रीने उतरलेला ब्रिटिश वैमानिक धडधाकट असेल तर पुन्हा लढायला हजर होई. इंग्लंडवर उतरलेला जर्मन युद्धकैदी होई. शिवाय ७ सप्टेंबरच्या निर्णयाला निव्वळ सूड म्हणणे मला अपुरे वाटते. आदल्या आठवड्यात हेग येथे लुफ्तवाफेच्या सेनानींच्या चर्चेत केसेलरिंग यांचे म्हणणे होते की फायटर कमांड जवळजवळ संपली आहे आणि लंडनवर हल्ला केला की उरलीसुरली विमाने वर येतील. दुसरे सेनानी श्पेर्ले यांना हे पटले नव्हते, आणि त्यांचा अंदाज सत्याच्या अधिक जवळ होता. याचा अर्थ चुकीच्या माहितीवर उभा असलेला आडाखा आधीपासूनच कोसळत होता. लक्ष्य बदलल्याने तो फक्त उघडा पडला. लंडनवर मेसरश्मिटला इंधनाअभावी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे थांबता येई, हे गणितही होतेच.

संपत आल्याचे सांगितलेले तेच दल १५ सप्टेंबरला तुकड्यांमागून तुकड्या घेऊन वर आले. ब्रिटिशांनी त्या दिवशी १८५ विमाने पाडल्याचा दावा केला, प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती. फुगवलेले आकडे दोन्हीकडे होते. फरक इतकाच की, पार्क यांनी आपल्या वैमानिकांच्या दाव्यांवर विसंबून एकही स्क्वॉड्रन कमी उडवली नाही. दोन दिवसांनी हिटलरने स्वारी बेमुदत पुढे ढकलली.