वेबसाइटला ‘अल्गोरिदमपासून संरक्षण’: दरमहा पैसे मोजावेत का?

तांबाकाटेकर (धागाकर्ता)
पायधुनीला तांबाकाट्याजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. वेबसाइटवरून ऑर्डरी बऱ्यापैकी येतात. सध्या एक एजन्सी मागे लागली आहे: गूगलचे अपडेट (शोधात कोणती साइट वर दिसेल ते ठरवणाऱ्या अल्गोरिदममधले बदल) सारखे येतात, महिन्याला ठरावीक रक्कम द्या, आम्ही साइट ‘सेफ’ ठेवतो.

माझं मत सांगतो, असं संरक्षण कुणी विकूच शकत नाही. गूगल वर्षातून अनेकदा कोअर अपडेट, म्हणजे मोठे बदल, काढतं आणि आत नेमकं काय बदललं ते सांगत नाही. मग ही मंडळी कशाच्या जोरावर हमी देतात?

मागचे अपडेट बघा. २०११ चा पांडा उथळ मजकुरावर घसरला, २०१२ चा पेंग्विन विकतच्या लिंकांवर. एप्रिल २०१५ मध्ये मोबाइलवर धड न दिसणारी पानं मोबाइलच्या शोधात मागे गेली. पहिल्या दोन वेळा मार खाल्ला तो बहुतेक अशाच ‘युक्त्या’ विकत घेणाऱ्यांनी. आता आमच्या एजन्सीचा प्रस्ताव ऐका: ‘तांब्याच्या पाण्याचे फायदे’ छापाचे ढीगभर लेख, आणि दादर, ठाणे, वसई, पनवेल असं नुसतं नाव बदलून तेच ते पान. या दुसऱ्या प्रकाराला गूगलच्या स्पॅम धोरणात डोअरवे म्हणतात आणि त्याला मनाई आहे. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच.

एसइओवाला बोरिवली
एजन्सी भुक्कड आहे हे मान्य. म्हणून एसइओचं, म्हणजे साइट शोधात वर ठेवण्याचं, कामच नको, हे कुठलं तर्कशास्त्र? नालेसफाई पावसाआधी करतात, गुडघाभर पाणी आल्यावर नाही.

मार्च २०२४ मध्ये गूगलच्या पानाच्या अनुभवाच्या मोजमापात एफआयडी (पहिल्या क्लिकला होणारा उशीर) हा निकष जाऊन आयएनपी (पानावरच्या सगळ्याच क्लिकांना मिळणारा प्रतिसाद) आला. बटण दाबल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद द्यायला हवा. गल्ला सांभाळून दुकानदार हे बघणार आहे का? त्याच महिन्यात सुरू झालेला कोअर अपडेट पुरा व्हायला ४५ दिवस लागले. अशा काळात लोक घाबरून पानं उडवतात, शीर्षकं बदलतात आणि आणखी घोळ करून ठेवतात. रोलआउट, म्हणजे अपडेट लागू होणं, संपू द्या, मग सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात किती दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) आधीच्या आठवड्यांशी ताडून बघा, हे सांगायला माणूस लागतो. क्रमांक घसरला की मुळात शोधणारेच कमी झाले, हे वेगळं करता यायला हवं. धनत्रयोदशीनंतर भांड्यांचा शोध पडणारच, तो काही अल्गोरिदमचा कोप नव्हे.

तांबाकाटेकर
म्हणजे ‘गप्प बसा’ हे सांगण्याचे दरमहा पैसे? :) आणि नालेसफाईचा दाखला तेवढा देऊ नका, जुलैत हिंदमाताला या एकदा.

धनत्रयोदशीचा मुद्दा मात्र पटला. कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा राहतो, त्यामुळे मागच्या दिवाळीशी तुलना मलाही करता येते. बाकी माझी तयारी म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर जे विचारतं ते साइटवर लिहिणं. पितळेच्या पातेल्यात कढी केली तर चालेल का? कल्हई उडाली हे ओळखायचं कसं? जुना बंब दुरुस्त होतो का? आमच्याकडच्या कारागिराचे हात दिसतील असे फोटो टाकायचे. हे त्या एजन्सीचा लेखक बसल्या जागी लिहू शकणार नाही.

लालबागचा खवय्या
दोघांचंही चुकतंय. वेबसाइटच कशाला? आमचं फरसाणाचं दुकान. लोक गूगल मॅपवर बघतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात, विषय संपला. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या वरच एआयचं उत्तर दिसायला लागलंय. तुम्ही कल्हईवर निबंध लिहा, लोक तिथेच वाचून निघून जातील.

गिरगावची ताई
@खवय्या, मॅपवरच्या प्रोफाइलमधून गूगल फुकटात छोटी वेबसाइट करून द्यायचं, आठवतंय? मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांनी कार्डावर आणि पाटीवर तोच पत्ता छापला होता ते बसले हात चोळत. प्रोफाइल हवंच, वेळा आणि फोन नंबरही अचूक हवेत. पण जागा त्यांची आहे, आपली नाही.

एआयच्या बाबतीत मात्र खवय्यांशी सहमत. नुसती माहिती शोधणारा माणूस आता साइटवर येईलच असं नाही. पण ज्याला बंब दुरुस्तच करून हवाय तो उत्तर वाचून थांबेल का? त्याला दुकान लागेलच.

तांबाकाटेकर, एक विचारते: डोमेन (साइटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे? आमच्या ओळखीत एका क्लासवाल्यांचं डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), कन्सोल सगळं डेव्हलपरच्या ईमेलवर होतं. भांडण झालं आणि साइट गेली. अल्गोरिदम राहिला बाजूला.

तांबाकाटेकर
ताई, डोमेन वडिलांच्या नावावर आहे. कन्सोलचं आजच तपासतो.

@एसइओवाला, तुम्ही तिमाही तपासणी करता का? तुटलेल्या लिंका, मोबाइलवरचा वेग, बंद केलेल्या पानांची रीडायरेक्टं (जुन्या पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्या पानावर नेणं), एवढंच. लेख नकोत, गावांची पानं नकोत. त्याचे पैसे आनंदाने देईन.

एसइओवाला बोरिवली
करतो. कन्सोल तुमच्या नावावर असल्याशिवाय कामाला हातच लावत नाही. पण ऐन दिवाळीच्या तोंडावर अपडेट आला आणि ऑर्डरी निम्म्यावर आल्या, तर तिमाही संपेपर्यंत थांबणार का तुम्ही?

तांबाकाटेकर
नाही, तेव्हा फोन करीन. त्या फोनचा दर वेगळा लावा.