स्वतःची वेबसाइट काढायचीय, श्रद्धेबद्दल, पण नेमकं टाकू काय?

आळीतला_आयटीवाला:
नमस्कार मंडळी, मी वसईचा, घरी कादोडी (वसईकडची बोली) बोलतो, नोकरी कोडिंगची. इटलीतला कार्लो अ‍ॅक्युटिस कॅथलिक चर्चचा संत झाल्यापासून (७ सप्टेंबर २०२५) डोक्यात एकच किडा, की त्या पोराने पंधरा वर्षांच्या आयुष्यात वेबसाइट केली आणि आपण पगार घेऊन लोकांची शॉपिंग कार्ट बनवतोय. डोमेन घेऊन झालं, होमपेज तयार आहे, आणि आता तीन आठवडे झाले कोरंच पडलंय. रोजचं वचन टाकू का? संतांची चरित्रं? की हे सगळं करणं म्हणजे शोबाजी होईल? बायको म्हणते आधी रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) वेळेवर चल.

मिस्सानंतर_चहा:
बायकोचं बरोबर आहे 😄
रोजचं वचन प्लीज नको, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी सहाला सतरा जण पाठवतात, त्यात गुलाबाचं फूल पण असतं. कार्लोचं बघ ना, त्याने स्वतःबद्दल नाही लिहिलं, परमप्रसादाचे (मिस्सात देतात त्या पवित्र भाकरीचे) चमत्कार कुठे कुठे झाले ते गावागणिक गोळा केले, नंतर त्याचंच प्रदर्शन जगभर फिरलं. म्हणजे ‘मी किती भाविक’ असलं काही नव्हतंच त्यात. तुझ्याकडे असं काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते शोध.

जुना_सेमिनारियन:
दोन गोष्टी आधीच सांगतो, नंतर पुसत बसू नकोस. एक, साइटच्या नावात ‘कॅथलिक’ शब्द घालणार असशील तर थांब. कॅनन लॉचं (चर्चच्या कायद्याचं) २१६ कलम आहे, अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कुठल्याही उपक्रमाने ते नाव लावायचं नाही. श्रद्धेवर लिहायला बंदी नाही कुणाची, फक्त ते चर्चचं अधिकृत म्हणणं आहे असं वाटता कामा नये. दुसरं, बायबलच्या मराठी भाषांतराचे अध्यायच्या अध्याय कॉपी-पेस्ट करू नको, त्याचे हक्क प्रकाशकाकडे असतात. दोन-चार ओळी देऊन नाव लिहिलं की भागतं.

नंदाखालची_लेक:
मी धर्मग्रामाच्या (एका चर्चखालच्या वस्तीच्या) जुन्या अंकांचं काम केलंय म्हणून सांगते, खरी डोकेदुखी फॉन्टची आहे. सगळं जुनं मॅटर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेलं, वेबवर टाकलं की नुसती चिन्हं दिसतात, गूगलला काहीच सापडत नाही, कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि रफार फुटतात, मग बसा एकेक ओळ वाचत. तसा हा त्रास आपल्याला चारशे वर्षांपासूनचाच म्हणा, इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण (बायबलच्या कथांचं ओवीबद्ध काव्य) मराठीत लिहिलं आणि १६१६ मध्ये छापलं ते रोमन लिपीत, देवनागरीचे खिळे होते कुठे तेव्हा! पण दहा हजारांवर ओव्या लिहिल्या ना माणसाने, फॉन्टसाठी थांबला नाही.
आणि तू कादोडीवाला आहेस ना, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या प्रार्थना, लग्नातली गाणी, आळीच्या क्रूसाजवळची जपमाळ, हे का नाही टाकत? आवाजासकट टाक. लिहून ठेवलं तर उच्चार कसा कळणार, कादोडीतले काही आवाज देवनागरीत नीट बसतच नाहीत.

मिस्सानंतर_चहा:
+१. आणि ऑडिओची साइज कमी ठेव, आखातातले आपले लोक मोबाइल डेटावर ऐकतात.

आळीतला_आयटीवाला:
नंदाखालची_लेक, आजच आजीकडे गेलो, ती ८६ वर्षांची आहे, रात्री झोपताना म्हणते ती प्रार्थना रेकॉर्ड केली. मध्येच थांबून मला म्हणाली, दिवा बंद कर, लाइटचं बिल येतं. ते कापावं का ठेवावं हेच ठरत नाहीये. होमपेजवरचं माझं ‘माझ्याविषयी’ काढून टाकलंय. आजी म्हणते आवाज टाक, फोटो नको.

जुना_सेमिनारियन:
दिवा ठेव.