मदत हवी आहे: गाव पाण्याखाली गेल्यावर देवचाराचं, म्हणजे गावची सीमा राखणाऱ्या अदृश्य राखणदाराचं, काय करतात?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीचा, पहिलीच भयकादंबरी लिहितोय. रक्ताचे सडे, मांत्रिक, उलट्या पावलांची बाई हे आपल्याला जमत नाही, मला आवडते ती हळूहळू चढणारी भीती, म्हणजे उंबऱ्यावरची ओली पावलं आणि घरात सगळे कोरडे, असलं काहीतरी. गाव काल्पनिक आहे पण डोक्यात सांग्यातलं कुर्डी आहे, साळावली धरणात गेलेलं, मे महिन्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात ते.

आता अडलंय कुठे तर तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभारलं आणि माणसं वाडे आणि वाळकिणी इथल्या नव्या वसाहतींत गेली, एवढं वाचलंय. पण देवचाराला मूर्ती नसते ना, त्याची जागा म्हणजे एखादं झाड नाहीतर सीमेवरचा दगड, तिथेच त्याला रोट (जाड भाकरी) आणि सोरो (दारू) ठेवतात. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकं चाळली, धरणाबद्दल बरंच मिळालं, ह्याबद्दल अक्षर नाही. आमच्याकडचे म्हातारे म्हणतात राखणदार आपली सीमा सोडत नाही, पण त्यांचं गाव कधी बुडालेलंच नाही 😅

नेटवरच्या भुताच्या गोष्टींच्या लिंक नकोत, आणि कुणाचं नाव, घर पुस्तकात येणार नाही. कोकणीत लिहिलंत तरी चालेल.

तर धरणात गाव गेलेल्यांपैकी कुणी आहे का इथे? नव्या वसाहतीत जाताना कौल घेऊन देवचाराला सोबत नेलं, की तो तिथेच राहिला, आणि राहिला असेल तर त्याचा रोट आता कुठे ठेवतात?