राइट टर्नच्या लेनमधून सरळ आला आणि आमच्या पुढ्यात घुसला, चूक कोणाची धरतात?

सौरभ_पुणे:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून थेट विचारतो. मागच्या आठवड्यात बाबा गाडी चालवत होते, पुण्यातलाच एक मोठा चौक. सिग्नलला तीन लेन आहेत, डावी लेफ्ट आणि सरळ, मधली फक्त सरळ आणि उजवी फक्त राइट टर्नसाठी, आणि चौक ओलांडला की पलीकडे दोनच लेन राहतात कारण उजव्या लेनच्या अगदी समोर डिव्हायडर येतो. बाबा मधल्या लेनमध्ये उभे होते. उजव्या लेनमध्ये एक पांढरी सेडान, इंडिकेटर कुठलाच नाही. सिग्नल सुटल्यावर त्याने राइट न मारता सरळ दामटली आणि डिव्हायडर दिसल्यावर गाडी डावीकडे बाबांच्या पुढ्यात घातली. बाबांनी ब्रेक मारला तरी लागलीच. आमच्या गाडीचा उजवा पुढचा कोपरा, म्हणजे बंपर, फेंडर आणि हेडलाइट गेलाय, त्याच्या गाडीला डाव्या मागच्या दारापासून मागच्या चाकाच्या वरपर्यंत लांब ओरखडा आहे.

आता तो म्हणतो मी पुढे होतो, तुम्ही मागून ठोकलंत, मागच्याचीच चूक असते, पैसे काढा. जमलेली माणसं पण तेच म्हणायला लागली, बाबा गडबडून गेले पण पैसे दिले नाहीत. रस्त्यावरचे बाण अर्धे पुसलेत पण वर लेनचा निळा बोर्ड आहे. डॅशकॅम नाही. कोणाला लागलं नाही. दोघांचा फुल इन्शुरन्स आहे, गॅरेजवाल्याने 23 हजार सांगितलेत. माझं म्हणणं चुकीच्या लेनमध्ये होता म्हणजे चूक त्याची, विषय संपला. कायद्यात असंच आहे ना?

गाडीवान:
मागच्याचीच चूक असा सरसकट कायदा कुठेही नाहीये, हे आधी बाबांना सांगा म्हणजे त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. एकाच लेनमध्ये पुढेमागे चालताना मागच्याने अंतर ठेवायचं असतं त्यावरून लोकांनी ते उचललंय. इथे तर दोन गाड्या शेजारी शेजारी होत्या आणि एक दुसऱ्याच्या जागेत आली. 2017 चे ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आहेत केंद्र सरकारचे, 1989 च्या जुन्या नियमांच्या जागी आलेले, त्यात लेन बदलताना इंडिकेटर द्यायचा आणि दुसऱ्याला अडथळा होणार नाही हे बघायचं ही जबाबदारी बदलणाऱ्यावर टाकलीये.

सर्व्हेअर_नाशिक:
मी बरीच वर्षं मोटर क्लेमचा सर्व्हे करतोय. सौरभ, तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट लेन नाही, ओरखडा आहे. मागून ठोकलेली गाडी मागच्या बंपरवर, डिकीवर चेपते. दारापासून चाकापर्यंत लांब घासलंय म्हणजे ती गाडी तुमच्या कोपऱ्याला घासत पुढे गेलीये. आता तुमचा बंपर नीट बघा, कोपरा पुढच्या बाजूला ओढला गेलाय की आत मागे दाबला गेलाय? पुढे ओढला गेला असेल तर त्याचा स्पीड तुमच्यापेक्षा जास्त होता, तो घासत निघून गेला. आत दाबला असेल तर तुमची गाडी वेगात होती असं समोरचा म्हणू शकतो. त्याच्या दारावर रंग कुठे सुरू होतो आणि कुठे फिका पडत जातो तेही तेच सांगतं. म्हणून रिपेअरला टाकायच्या आधी फोटो काढा, जवळून पण आणि चार पावलं मागून पण, आणि बंपर बदलला तर जुना टाकून देऊ नका.

दुसरं, क्लेम फॉर्म. लोक घाईत लिहितात "समोरच्या गाडीला धडक बसली" आणि पुढे तेच वाक्य अंगावर येतं. जे झालं त्या क्रमाने लिहा, मी सरळच्या लेनमधून सरळ जात होतो, उजवीकडच्या राइट टर्नच्या लेनमधून गाडी सरळ आली, डिव्हायडरमुळे डावीकडे वळली, मी ब्रेक मारला, माझ्या उजव्या कोपऱ्याला तिची डावी बाजू घासली. आणि बाबांना जे दिसलं तेवढंच, ऐकीव काही घालू नका.

ॲड_तनुजा:
मी ॲक्सिडेंट ट्रायब्युनलची, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाची कामं बघते म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. सौरभ, "चुकीच्या लेनमध्ये म्हणजे चूक त्याची, विषय संपला" हे कोर्टात तसंच्या तसं चालत नाही. नियम मोडला हा पुरावा असतो, पण त्या मोडण्यामुळे अपघात झाला हे जोडून दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिकी केसमध्ये हेच सांगितलं, मोटरसायकलवर तिघं बसले होते, मागून कारने धडक दिली, हायकोर्टाने ट्रिपल सीट म्हणून भरपाईत 10 टक्के कापले होते, सुप्रीम कोर्ट म्हणालं तिघं बसणं नियमभंग आहे पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे कुठे सिद्ध झालंय, आणि ती कपात काढली.

तुमच्या केसमध्ये तो दुवा मजबूत आहे. राइटच्या लेनमधून सरळ गेलं तर पुढे डिव्हायडर आहे, म्हणजे डावीकडे घुसण्याशिवाय त्याच्याकडे रस्ताच नव्हता आणि तिथे बाबा होते. हे एका फोटोत दिसलं पाहिजे, स्टॉप लाइनवर उभं राहून समोरचा डिव्हायडर आणि वरचा निळा बोर्ड एकत्र येईल असा. बाण पुसलेत हा मुद्दा तो काढणार, तेव्हा बोर्ड कामाला येईल.

पण दुसरी बाजूही धरून ठेवा. तो घुसताना बाबांना किती आधी दिसला, थांबायला जागा होती का, हे विचारलं जाणारच. दिसत असूनही बाबा हट्टाने पुढे गेले असं वाटलं तर जबाबदारी वाटून टाकतात, 80-20, 70-30 असं. ब्रेक मारला होता हे म्हणून महत्त्वाचं.

विक्रांत_लेस्टर:
इकडे यूकेत पण तत्त्व तेच आहे. हायवे कोडचा, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेतला नियम मोडला म्हणून आपोआप दोषी ठरत नाही, 1988 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये लिहिलंय की तो मुद्दा जबाबदारी ठरवताना वापरता येतो, बस तेवढंच. फरक इतकाच की बहुतेक वेळा दोन्ही इन्शुरन्स कंपन्या आपसात ठरवून मोकळ्या होतात, माणसांना रस्त्यावर भांडावं लागत नाही. काकांना त्या गर्दीत उभं राहावं लागलं याचं वाईट वाटलं.

भाऊ_हडपसर:
सगळं बरोबर पण व्यवहाराचं बोलू का, 23 हजारांसाठी ट्रायब्युनलमध्ये कोण जाणार. स्वतःच्या पॉलिसीतून ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम घ्या, तिथे चूक कोणाची यावर पैसे अडत नाहीत. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट, जाईल तेवढा, तो 50 टक्क्यांवर असेल तर परत 20, 25, 35, 45 करत वर यायला वर्षं जातात. पण तो बोनस फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या भागावर नाही, तेव्हा आधी रिन्यूअलचा कागद काढून नीट आकडेमोड करा.

ॲड_तनुजा:
भाऊंचं खरं आहे. त्याच्या थर्ड पार्टीतून मागायचं तर प्रॉपर्टी डॅमेज कारच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत असतं, पण त्यासाठी ट्रायब्युनलच आणि 2022 पासून अर्जाला 6 महिन्यांची मुदत. तरी पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीत नोंद करून घ्या, उद्या तो मान दुखतेय म्हणून आला तर तुमची पहिली हकिकत तारखेसह कागदावर असेल. आणि त्याला एक रुपयाही "मिटवायला" म्हणून देऊ नका, व्हॉट्सॲपवर सॉरी पण लिहू नका.

सौरभ_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन बघितलं, बंपरचा कोपरा पुढे ओढला गेलाय, क्लिपा तुटून बाहेर आल्यात. बाबांना दाखवलं तर ते म्हणाले मी सांगत होतो ना तो घासत गेला म्हणून. फोटो काढलेत, गॅरेजवाल्याला फोन करून हात लावू नको सांगितलं. चौकात कोपऱ्यावर मेडिकल आहे, त्यांचा कॅमेरा रस्त्याकडे आहे, फुटेज किती दिवस ठेवतात माहीत नाही, सकाळी दुकान उघडायच्या आत तिथे जाऊन उभा राहतो.

सर्व्हेअर_नाशिक:
जा आणि नुसतं मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून येऊ नका, पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि मूळ फाइलच मागा, सिग्नल सुटायच्या आधीची दोन मिनिटं पण घ्या, तो त्या लेनमध्ये कसा आला तेही त्यात असेल.