लीड्समध्ये शाकाहारी: आधी तेल विचारा

इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातल्या लीड्सला शिकायला जाणाऱ्या शाकाहारी मुलाने बाहेर काय खावं, हा प्रश्न. 'काही नाही तर चिप्स (म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे) आहेतच' असं सहज सांगितलं जातं, पण घोटाळा तिथेच होतो. यॉर्कशरमधली बरीच फिश अँड चिप्सची दुकानं आजही बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गोवंशाच्या चरबीत तळतात. पबमध्ये तेल वनस्पतीचं असलं तरी मासे आणि चिप्स अनेकदा एकाच फ्रायरमधून, म्हणजे तळणीच्या यंत्रातून निघतात. तेव्हा कशात तळता आणि फ्रायर वेगळा आहे का, दोन्ही विचारायचं. मेन्यूवरची 'व्ही' खूण कुठे व्हेज तर कुठे व्हीगन, म्हणजे दूध-अंडंही नसलेलं. खालची बारीक ओळ वाचा.

थंड सँडविच बांधून नेलं तर सहसा व्हॅट (विक्रीवरचा कर) नाही, तिथे बसून खाल्लं तर 20 टक्के. काउंटरवर 'इट इन?' विचारतात ते त्यासाठी. बिलातला 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा ऐच्छिक असतो, बिनधास्त काढायला सांगा. दारूचा परवाना असलेल्या जागी नळाचं पाणी मागितल्यास फुकट द्यावंच लागतं. मात्र 'टॅप वॉटर' म्हणा, नुसतं 'वॉटर' म्हटलं की विकतची बाटली येऊ शकते.

आणि पबचा बार उघडा दिसला म्हणून जेवण मिळेलच असं नाही, स्वयंपाकघर बरंच आधी बंद होतं.