घोड्यांसाठी ऑक्सिजन चेंबर: कोल्हापुरात वर्गणी काढून बसवावं का?

रंकाळावेसकर:
मंडळी, विषय हायपरबेरिक ऑक्सिजनचा. घोडा बंद पोलादी खोलीत उभा करायचा, आतला दाब बाहेरच्या दुप्पट-अडीचपट करायचा आणि तासभर शुद्ध ऑक्सिजन हुंगू द्यायचा. केंटकी-फ्लोरिडाकडे रेसच्या घोड्यांना ही ट्रीटमेंट देतात. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तर साध्या हवेतच जवळपास भरलेलं असतं, पण दाबाखाली ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो. १०० मिली रक्तद्रवात एरवी ०.३ मिली, तिप्पट दाबाला ६ मिलीच्या आसपास. ॲमस्टरडॅमच्या बूरेमा नावाच्या सर्जननं १९६० च्या सुमारास डुकरांच्या अंगातल्या बहुतेक तांबड्या पेशी काढून ती याच जोरावर जिवंत ठेवली होती.
आपल्याकडं घोडागाडीच्या शर्यती आहेत, वरातीची घोडी आहेत. तारेनं पाय फाटला की जनावर महिनोन्महिने दावणीला. घोडेमालकांनी आणि शौकिनांनी मिळून एक चेंबर बसवावं, असं माझं मत.

टापा_आणि_टाके:
माझा व्यवसाय जनावरांच्या डॉक्टरचा, त्यामुळं सरळ बोलतो. बूरेमाची डुकरं खरी आणि आकडेही बरोबर. पण रक्तात ऑक्सिजन वाढला म्हणजे जखम भरली, असं होत नाही.
घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. कातडी, शिरा, हाड. तिथली जखम हळू भरते आणि वर लाल मांस फुगून येतं. ऑक्सिजनची कमतरता हे त्याचं एक कारण मानतात, म्हणून चेंबरची कल्पना कागदावर झकास वाटते. प्रत्यक्षात २००८ साली घोड्यांवर त्वचारोपण करून चेंबरची परीक्षा घेतली गेली, तेव्हा रोपण केलेली कातडी जास्त चांगली धरली नाही. घोडे मोजकेच होते, मान्य. पण ज्याच्यासाठी लाखो रुपये मागायचे, त्याच्या बाजूनं एवढा तरी भक्कम पुरावा कुठं आहे? ‘आमचा घोडा बरा झाला’ हे ऐकायला मिळतं. त्याच घोड्याला त्या काळात विश्रांती, ड्रेसिंग आणि अँटिबायोटिकही मिळालेलं असतं, ते कुणी सांगत नाही.
आणखी एक. तट्टांच्या पायाच्या जखमा मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरतात. लहान चणीच्या जनावराचं निम्मं काम त्याचं शरीरच करतं. मालकानं त्याला पुढच्या रविवारी गाडीला जुंपलं नाही म्हणजे झालं.

रंकाळावेसकर:
डॉक्टर, मग माणसांत मधुमेहाच्या पायाला, जंतूंनी मांस सडवणाऱ्या गॅस गँगरीनला हे का वापरतात? मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात चेंबर आहे. तिथले लोक काय खुळे आहेत?

टापा_आणि_टाके:
खुळे नाहीत. पाणबुड्यांच्या रक्तात बुडबुडे होतात, त्यावर हाच इलाज. माणसांत जिथं उपयोग मान्य आहे अशा आजारांची यादी ठरलेली आहे आणि ती छोटी आहे. मधुमेहातसुद्धा सरसकट नाही, निवडक जखमांनाच. गॅस गँगरीनचा मुद्दा मात्र मला मान्य. ते जंतू ऑक्सिजनचे वैरी, भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्यांचं विष तयार होणं थांबतं. घोड्याला मानेत इंजेक्शन दिल्यावर कधीकधी असंच स्नायू सडवणारं इन्फेक्शन होतं. पण तिथं आम्ही तातडीनं सुजलेला भाग चिरून उघडा करतो, हवा लागू देतो आणि पेनिसिलिनचा मारा करतो. चेंबरपर्यंत नेण्याइतका वेळ ते जनावर देत नाही.

नाद_खुळा_०९:
आरं पण उद्यमनगरात काय बनत नाही भावा? टाकी तर हाय नव्हं. पत्रा, वेल्डिंग, काच, झालं की! अमेरिकेवाल्याला कशाला पैसं द्यायचं?

शिरोली_वर्कशॉप:
भावा, माझं आयुष्य प्रेशरच्या टाक्यांत गेलंय, म्हणून हात जोडतो. दुप्पट दाब म्हणजे भिंतीवर चौरस मीटरला साधारण १० टनांचा जोर. घोडा आत जायचा तर दार सव्वा मीटर बाय दोन मीटर तरी पाहिजे. त्या एका दारावर २५ टन. बिजागरी सुटली तर दार पार हायवेवर सापडंल.
ऑक्सिजनचा हिशेब पण घ्या. खोली १४ घनमीटरची धरली तर दुप्पट दाबाला २८ घनमीटर ऑक्सिजन, म्हणजे ७ घनमीटरचे चार जंबो सिलिंडर. एका वेळेला. आतली हवा बाहेर ढकलताना वाया जाईल तो वेगळाच. कोरोनात ह्याच सिलिंडरसाठी रात्रभर रांगा लावल्यात आपण.

खुराडे_नालबंद:
आणि नालेचं काय? २०१२ ला फ्लोरिडात चेंबरमधल्या घोड्यानं लाथा झाडल्या. आतलं अस्तर फाटलं, नाल लोखंडावर आपटली, ठिणगी पडली. स्फोट झाला. घोडा गेला आणि तिथं काम करणारी बाईपण गेली. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे खेळ नाही. माणसाला सांगता येतं गप पडून राहा, घोड्याला कोण सांगणार? नाल काढायची म्हटलं तर शर्यतवाला काढून देणार नाही, मला म्हाईत आहेत सगळे.

रंकाळावेसकर:
अपघात विमानाचेही होतात. नाल काढायची, व्हॅसलीनसारखं तेलकट मलम लावायचं नाही, प्रशिक्षित माणूस कायम जागेवर. हे नियम पाळून तिकडं चेंबर चालतातच की. मी गल्लीत बसवा म्हणत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बसवा, तिथं अभ्यासही होईल. पुरावा नाही म्हणून चेंबर नको, आणि चेंबर नाही म्हणून पुरावा नाही, हे किती दिवस चालणार?

टापा_आणि_टाके:
शिरवळ आणि अभ्यास, एवढ्यावर माझा विरोध नाही. विरोध आहे तो कोल्हापुरात वर्गणी काढायला. त्याच पैशात फिरतं एक्स-रे यंत्र येईल. आज लंगडणाऱ्या घोड्याचं हाड मोडलंय की खुरात पू झालाय, हे अंदाजानं ठरवतोय आम्ही. जिल्ह्यातल्या निम्म्या घोड्यांना धनुर्वाताची लस टोचलेली नसेल, आणि घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही.

नाद_खुळा_०९:
एक्स-रे यंत्राला किती पडतील? पाच हजार माझं धरा. चेंबरला देणार नव्हतो.

रंकाळावेसकर:
धरले. पण शिरवळला पत्र मी लिहिणारच, आणि डॉक्टर, त्यावर तुमची सही पाहिजे.