गावाकडची मांजरं: घरची किती आणि नुसती जेवून जाणारी किती?

परसदार
कोठीच्या खोलीचं दार वाळवीने पोखरलं म्हणून काल सुतार आला होता. जुनं दार उतरवून खळ्यात आडवं टाकलं आणि म्हणाला, "वैनी, ह्यां भोक नव्या दाराक ठेवूचां काय?"

मी विसरूनच गेले होते. खालच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचं, वरून गोलसर भोक. मांजरांसाठी. कोठीत भात, कुळीथ, पोह्यांचे डबे, म्हणजे उंदीर आलेच. बोट फिरवून बघितलं तर खालची कड अजून खरबरीत, वरची मात्र तेल लावल्यासारखी गुळगुळीत. इतकी वर्षं पाठी घासून घासून.

१९९४ला लग्न होऊन इथे कणकवलीजवळ आले. मी मूळची दादरची. दुसऱ्याच रात्री अंधारात पायाला काहीतरी मऊ घासलं आणि मी जी किंचाळले, अख्खं घर कंदील घेऊन हजर. आजेसासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "अगो, मनी ती. तुका बघूक इली." तेव्हा घरात सात होती. सध्या चार: कुळीथ (रंगावरून), चिंगी, ढवळी आणि पाटील नावाचा बोका. शिवाय दोन नुसती जेवायला येतात, हात धुवायलाही थांबत नाहीत.

सुतार उद्या परत येणार आहे. तोवर तुमच्याकडचं लिहा.

सुकटबोंबील
भोक ठेवा!!! आणि फोटो कुठायत? मांजरांच्या धाग्यावर फोटो नाही म्हणजे काय.

वळचण
पाठीने गुळगुळीत झालेली कड... बास, मी इथेच अडकले. आमच्याकडे दाराला भोक नव्हतं, पण चूल होती. रात्री निखारे विझले की पहाटेपर्यंत राख कोमट असायची आणि त्यात आमची ढमी गुरगुटून झोपायची. आई पहाटे फुंकणी घेऊन बसली की राखेतून दोन डोळे उघडायचे. पांढरी मांजर दिवसभर करडी दिसायची आणि मिशा एका बाजूने जळक्या, आखूड. पाहुणे विचारायचे हिला काय झालंय. काही नाही, थंडी आहे.

घाटावरचा
आम्ही जुन्नरकडचे. सहा होती, आता तीन. बिबट्या.
गाय-शेळी नेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. मांजराचं काय सांगणार? दिवस मावळला की तिघींना आत घेऊन कडी. चिमीला ते पटत नाही, रात्रभर दार खरवडते.

अजून एक. उसाची तोडणी चालू असताना टोळीतल्या पोरांना पाचटात तीन पिल्लं सापडली. मांजराची म्हणून घरी घेऊन आली. मी बघितलं तर कपाळावर पांढरट रेघा, अंगावर तांबूस ठिपके. वाघाटीची निघाली. आपल्या मांजरापेक्षाही लहान असते ती, जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी. वनखात्याला फोन केला. संध्याकाळी त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली, कॅमेरा लावला. रात्री आई आली आणि एकेक करून तिन्ही उचलून घेऊन गेली. पण त्याआधी दुपारभर क्रेट आमच्या ओट्यावर होता, तेव्हा चिमी शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगवून भोवती फिरत होती. घरात वाघ आणला म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला.

वळचण
@घाटावरचा, पिल्लांना हाताने दूध वगैरे पाजलं नाही ना?

घाटावरचा
नाही हो. पोरं पाजत होती, मी ओरडलो. आमच्याकडे बिबट्याची पिल्लंही अशीच उसात सापडतात, त्यामुळे आता गावाला माहीत झालंय. जागेवर ठेवायचं आणि लांब व्हायचं.

डिचोलीकर
आमच्याकडे दोन भोंगे. एक सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा, एक मासेवाल्याचा. पाच मांजरं. दोन्ही भोंग्यांना पाचही जणं गेटापर्यंत शेपट्या वर करून पळत जातात आणि पोदेर दिसला की तिथेच बसून अंग चाटायला लागतात, जणू पळालोच नव्हतो. पोदेर म्हणतो तुमची मांजरं माझा अपमान करतात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर घरात सुतकच. ताजं नाही म्हणून सुक्या बांगड्याचं डोकं भिजवून भातात कुस्करायचं. तेही वास घेऊन, मातीने झाकल्यासारखं करून निघून जातात. दहा मिनिटांनी ताट चाटूनपुसून साफ.

सुकटबोंबील
सुका बांगडा मांजरांना?? आम्ही काय मेलो होतो का

रानजाई
घाईत लिहितेय, कुकर लागलाय. कुणीही मांजराला आपल्या तापाची गोळी देऊ नका. आमचा सोन्या तापाने फणफणला होता, सासऱ्यांनी मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी, तिसऱ्या दिवशी गेला. मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. सासरे अजून त्याचं नाव काढत नाहीत. शिट्टी झाली, जाते.

परसदार
रानजाई, अगं... त्यांना सांग माहीत नव्हतं ते नव्हतं. आमच्याकडेही हेच झालं असतं गं.

लालपरी_प्रवासी
ऑपरेशनचा किस्सा. तीन मांजरींच्या दीड वर्षात अकरा झाल्या. तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तर म्हणाले, म्हैस असेल तर आत्ता येतो, मांजरासाठी शहरात जा. मग एकेकीला हापूसच्या रिकाम्या पेटीत घालून, वर सुतळी बांधून एसटीने रत्नागिरी. मे महिना. कंडक्टर म्हणाला, "पेटीचं भाडं लागेल. काय, हापूस की पायरी?" आणि तेवढ्यात पेटी ओरडली.

पुढचा तासभर सगळी गाडी आमच्या पेटीत डोकावत होती. एका आजींनी फटीतून शेंगदाणा चिक्की घातली. भाडं घेतलंच त्याने.

डिचोलीकर
हसून हसून पुरेवाट. "पेटी ओरडली"!!

न्यूजर्सीची_नंदा
इथे आमची एकच, तिला उंदीर दिसला तर ती सोफ्यावर चढली. मीही. तुमचं सगळं वाचून माहेरची आठवण आली. आईचं शिंकं खरोखर तुटलं होतं आणि बोक्याचं खरोखर फावलं होतं, सायीचं अख्खं पातेलं. म्हण शाळेत नंतर शिकले.

वळचण
आमच्या मधल्या पोराला बोक्यांचं भांडण सोडवताना पाटीलसारख्याच एका दांडगटाने चावलं होतं (परसदार, तुझ्या पाटीलला नाही म्हणत हां). "घरचंच मांजर आहे, हळद लाव" म्हणणारे दहा जण. मी ऐकलं नाही. नळाखाली साबणाने चांगली १५ मिनिटं धुतलं आणि आरोग्य केंद्रात नेलं. ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांची इंजेक्शनं. घरचं असलं तरी रात्री कुठल्या कुत्र्याशी भांडून येतंय ते आपल्याला कुठे ठाऊक? आता आमच्या सगळ्या मांजरांना दरवर्षी रेबीजची लस. पकडताना मात्र मला गोधडी लागते.

काजूबी
अवांतर: सुकटबोंबील, त्या दिवशी तुम्ही जवळ्याची चटणी म्हणालात त्यात कोकम की चिंच?

सुकटबोंबील
कोकम. जवळा आधी कोरडा भाजून हाताने चोळायचा, डोकीमिशा पाखडून टाकायच्या. खोबरं, लसूण, तिखट. पाट्यावर वाटलंत तर उत्तम. भाजायच्या आधी खिडक्या लावा, नाहीतर ओट्यावर दुसऱ्याच कुणाच्या तरी मिशा दिसतील. मी मांजर पाळत नाही, दोन मांजरांनी मला पाळलंय.

काजूबी
धन्यवाद. आमच्याकडे एक कुत्रा आहे फक्त.

माळावर
साप कुणीच लिहिला नाही? आमची तिरंगी (हो, तिरंगी म्हणजे बहुतेक मादीच) भेट आणते. उंदीर, सरडा, एकदा पाल अर्धीच. गेल्या पावसात पहाटे माझ्या चपलांपाशी बसून वेगळंच ओरडत होती, नेहमीसारखं नाही, घशातून. बॅटरी मारली तर चपलेआड फुरसं, वेटोळ्यावर वेटोळं घासून करवतीसारखा आवाज काढत होतं. सर्पमित्र येईपर्यंत ती हाताच्या अंतरावर बसून राहिली. मी पलंगावर.
तेव्हापासून चपला फळीवर. आणि तिला रोज अर्धं अंडं.

रानजाई
अर्धं का, पूर्ण द्या की!

माळावर
उरलेलं अर्धं तिची आई खाते. तिने काहीच केलेलं नाही.

लालपरी_प्रवासी
सातारा साइडला कुणाला पांढरं पिल्लू हवंय का? अकरातलं एक उरलंय. पेटीसकट देतो.

परसदार
सगळं वाचलं, उत्तरं सावकाश देते. सुतार येऊन गेला. नव्या दाराला भोक पाडलं, जुन्याचं माप घेऊनच. कुळीथ, चिंगी, ढवळी तिघी दारासमोर बसून ओरडतायत, दार उघडा म्हणून. भोकातून कुणी जात नाही. जुन्या दाराची ती कड सुताराला कापून द्यायला सांगितली आणि नव्या भोकाला वरून ठोकून घेतली. मग चिंगी गेली. तिच्यामागून पाटील घुसला आणि कमरेपाशी अडकला. माप १९९४च्या आधीच्या मांजरांचं होतं हे लक्षातच आलं नाही.
खोबरेल लावून काढला. सुतार परवा पुन्हा येतोय.